यावच्चंद्रदिवाकरौ : राजसत्तेच्या वचनाची मर्यादा

कोकणात आणि गोमंतकात जुन्या देवळाच्या आवारात, गावाच्या शिवेवर किंवा शेताच्या बांधाला कधीकधी एक उभा पाषाण आढळतो. त्याच्या माथ्यावर चंद्र-सूर्य कोरलेले असतात, मध्यभागी लेख असतो आणि तळाशी गर्दभ व स्त्री यांचे असे शिल्प असते की, सभ्य माणसाने मान वळवावी. यालाच अभ्यासक ‘गद्धेगाळ’ म्हणतात. शिलाहारांच्या राजवटीपासून असे पाषाण उभारले गेले. रायगड जिल्ह्यातील अक्षी येथील लेख मराठीच्या आद्य शिलालेखांत गणला जातो. तोही गद्धेगाळच आहे. दान दिलेली भूमी किंवा उत्पन्न जो कोणी हिरावून घेईल, त्याच्या मातेला उद्देशून कोरलेली ही शिवी होय. ताम्रपटांची भाषा अधिक संयत, पण आशय तोच. भूमी स्वतः दिलेली असो वा पूर्वीच्या राजाने, ती परत घेणारा साठ सहस्र वर्षे विष्ठेतील कृमी होऊन राहील, असा शाप अनेक दानपत्रांच्या अखेरीस येतो. आणि दानाची मुदत? चंद्र-सूर्य आहेत तोवर, यावच्चंद्रदिवाकरौ.

हे लेख वाचताना एक प्रश्न मनात उभा राहतो. ज्याच्या एका शब्दाने गावेच्या गावे दिली-घेतली जात, त्या राजाला शिवीचा आणि शापाचा आधार का घ्यावा लागला? उत्तर साधेच आहे. राजाची आज्ञा त्याच्या प्रजेला बांधते. त्याच्या मागून गादीवर येणाऱ्याला बांधत नाही. आपण दिलेले दान उद्याचा राजा मोडू शकेल, हे दात्याला पुरते ठाऊक होते. म्हणूनच कित्येक ताम्रपटांत प्रभू रामचंद्राच्या मुखी एक याचना घातलेली आढळते : हा धर्मसेतू सर्व राजांचा समाईक आहे, आपापल्या काळी त्याचे रक्षण करा, असे तो भावी भूपालांना पुनःपुन्हा विनवतो. आज्ञेचे सामर्थ्य जेथे संपते, तेथून ही विनवणी सुरू होते.

ग्रंथालयाच्या शताब्दी-ग्रंथात हा विषय कशासाठी, असे वाचकांना वाटेल. महाराष्ट्राबाहेर रुजलेल्या आपल्यासारख्या जुन्या मराठी संस्थांच्या दफ्तरांत एखादा दरबारी हुकूम, एखादी सनद किंवा नगरपालिकेचा एखादा ठराव जपून ठेवलेला असतो. रस्ता रुंद होणार अशी वार्ता शहरात पसरली की, वाचनकक्षात चर्चा सुरू होते आणि कोणी वडीलधारे सभासद ठामपणे सांगतात, “आपल्याला काय भीती? सरकारने कायमची लिहून दिलेली जागा आहे.” या विधानात कितपत तथ्य आहे, हे इतिहासाच्या साहाय्याने पाहावे, एवढाच या लेखाचा हेतू. मी कायद्याचा पंडित नव्हे, मराठीचा अध्यापक आहे. परंतु सनदा आणि दानपत्रे वाचता वाचता या प्रश्नाने मला कायद्याच्या पुस्तकांपर्यंत नेले, हे प्रांजळपणे नमूद करतो.

लोकांच्या उपयोगासाठी खाजगी मालमत्ता, मालकाची संमती नसली तरीही, योग्य मोबदला देऊन ताब्यात घेण्याचा राज्याचा अधिकार आपण व्यवहारात ‘भूसंपादन’ या शब्दाने ओळखतो. पाश्चात्त्य राज्यशास्त्रात त्याला ‘सर्वोच्च स्वामित्वाधिकार’ अशा अर्थाचे नाव आहे. ही संज्ञा रूढ केली ती डच पंडित ह्यूगो ग्रोशियस याने, १६२५ साली प्रसिद्ध झालेल्या, युद्ध आणि शांततेच्या कायद्यावरील आपल्या ग्रंथात. प्रजाजनांच्या मालमत्तेवर सार्वजनिक हितासाठी राज्याचा वरचढ हक्क असतो, असे त्याने प्रतिपादन केले आणि त्याच वेळी, ज्याचे नुकसान होईल त्याची भरपाई करणे हे राज्याचे कर्तव्य आहे, असेही बजावले. अधिकार आणि भरपाई यांचा जन्म असा एकत्रच झाला आहे. यापुढचा प्रश्न असा की, “हा अधिकार अमुक जागेपुरता आम्ही कधीही वापरणार नाही” असे राज्याने किंवा एखाद्या सार्वजनिक मंडळाने लिहून दिले, तर ते वचन पुढच्यांना बांधते काय?

या प्रश्नाची सर्वांत स्पष्ट चर्चा अमेरिकेत झाली आणि त्याला कारण आहे. करारांचे बंधन दुर्बल करणारा कायदा कोणत्याही घटक राज्याने करू नये, असे कलम अमेरिकेच्या राज्यघटनेतच आहे. त्यामुळे राज्याने दिलेली सनद हा करार मानला, तर ती मोडणारा कायदा घटनाबाह्य ठरतो. नेमके हेच १८१९ साली घडले. इंग्लंडच्या राजाने १७६९ मध्ये डार्टमथ महाविद्यालयाला सनद दिली होती. स्वातंत्र्यानंतर न्यू हॅम्पशायरच्या विधिमंडळाने १८१६ मध्ये कायदा करून त्या महाविद्यालयाचा कारभार स्वतःच्या वर्चस्वाखाली आणण्याचा प्रयत्न केला. विश्वस्त न्यायालयात गेले. त्यांची बाजू मांडली ती त्याच महाविद्यालयाचा माजी विद्यार्थी असलेल्या डॅनियल वेब्स्टर या नामांकित वकिलाने. सनद हा करार आहे आणि विधिमंडळाला तो एकतर्फी बदलता येणार नाही, असा निर्णय सरन्यायाधीश जॉन मार्शल यांच्या न्यायालयाने दिला. सनदाधारकांना साहजिकच वाटले की, आपले हक्क आता अढळ झाले.

हा समज पुरता टिकला नाही. आणि गंमत अशी की, त्याला तडे गेले ते दोन पुलांच्या खटल्यांत. पहिला पूल बॉस्टन शहराजवळच्या चार्ल्स नदीवरचा. तेथे पूर्वी होडी चालत असे आणि तिचे उत्पन्न हार्वर्ड महाविद्यालयाकडे जाई. १७८५ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळाने एका कंपनीला पूल बांधून चाळीस वर्षे टोल घेण्याची सनद दिली. होडीचे उत्पन्न बुडणार म्हणून कंपनीने हार्वर्डला दरसाल दोनशे पौंड द्यावे, असेही ठरले. १७८६ मध्ये पूल खुला झाला. पुढे १७९२ मध्ये सनदेची मुदत सत्तर वर्षांपर्यंत वाढविण्यात आली. शहर वाढले, वर्दळ वाढली, भागधारक गबर झाले आणि टोल देणाऱ्यांची कुरकूरही वाढली. तेव्हा १८२८ मध्ये विधिमंडळाने त्याच पुलाच्या अगदी जवळ दुसऱ्या पुलाला परवानगी दिली. हा वॉरन पूल फार तर सहा वर्षांत टोलमुक्त व्हावयाचा होता. मग जुन्या पुलावर पैसे मोजून कोण जाणार? कंपनीचे म्हणणे असे की, आमच्या सनदेत मक्तेदारीचे वचन गृहीतच आहे. १८३७ साली सरन्यायाधीश रॉजर टेनी यांनी ते अमान्य केले. सनदेत जे स्पष्ट शब्दांत दिले नाही, ते दिले असे मानता येणार नाही. संदिग्धता असेल तर ती लोकांच्या बाजूने सोडवावी. नाहीतर जुन्या रस्त्यांच्या मालकांची मनधरणी केल्यावाचून देशात एक रेल्वेही बांधता येणार नाही, अशी त्यांची विचारसरणी होती. न्यायमूर्ती जोसेफ स्टोरी यांनी मात्र तीव्र भिन्नमत नोंदविले. राज्याच्या शब्दावर विश्वास ठेवून ज्यांनी आपली पुंजी घातली, त्यांना असे वाऱ्यावर सोडल्यास पुढे सार्वजनिक कामात पैसा कोण घालील, हा त्यांचा सवाल होता. तो आजही निरर्थक झालेला नाही.

चार्ल्स नदीच्या खटल्यात वचन मोघम होते. व्हर्मांट राज्यातील ब्रॅटलबरो गावाच्या खटल्यात ते स्पष्ट होते. तेथे वेस्ट नदीवर पूल बांधून शंभर वर्षे टोल घेण्याचा एकमेव हक्क विधिमंडळाने १७९५ मध्ये एका कंपनीला दिला होता. १८३९ मध्ये त्याच राज्याने कायदा केला की, सार्वजनिक रस्त्यासाठी गरज पडल्यास कोणाचीही जमीन आणि कोणत्याही कंपनीचा सनदी हक्क मोबदला देऊन घेता येईल. गावकऱ्यांना टोलमुक्त पूल हवा होता. त्यांनी अर्ज केला, न्यायालयाने मोबदला चार हजार डॉलर ठरविला आणि पूल सार्वजनिक रस्त्याचा भाग झाला. सनदेची अर्धी शतके शिल्लक होती. कंपनीच्या वतीने पुन्हा वेब्स्टर उभा राहिला. डार्टमथच्या खटल्यात जिंकलेले तत्त्व त्याच्या हाती होते; मात्र १८४८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला तो राज्याच्या बाजूने.

न्यायमूर्ती पीटर डॅनियल यांनी लिहिलेल्या या निकालपत्रातील युक्तिवाद समजून घेण्याजोगा आहे. सनद हा करार आहे हे न्यायालयाने नाकारले नाही. परंतु कोणताही करार पोकळीत होत नाही. तो देशातल्या कायद्याच्या छायेत होतो. मालमत्तेविषयीच्या प्रत्येक करारात, लिहिली असो वा नसो, एक अट असतेच : लोकांना नितांत गरज पडल्यास राज्य ही मालमत्ता मोबदला देऊन घेऊ शकेल. शेतकऱ्याच्या शेताला ही अट लागू असेल, तर कंपनीच्या टोलच्या हक्काला ती का लागू नसावी? मोबदला देऊन हक्क घेणे म्हणजे करार मोडणे नव्हे, तर तो हक्क खरोखरच मालमत्ता होता हे मान्य करणे होय. डार्टमथ आणि ब्रॅटलबरो यांतील भेद येथे ध्यानी येतो. एकात विधिमंडळाने काही न देता संस्थेचा कारभार हस्तगत करू पाहिले. दुसऱ्यात किंमत मोजून लोकांच्या वाटेसाठी हक्क घेतला.

तरीही एक पळवाट उरली होती. ब्रॅटलबरोच्या सनदेत “हा पूल आम्ही कधीही संपादन करणार नाही” असे शब्द नव्हते. ते असते तर? याचे उत्तर फिलाडेल्फियाच्या एका रुग्णालयाने मिळवून दिले. बेंजामिन फ्रँकलिन आणि डॉक्टर थॉमस बाँड यांच्या पुढाकाराने १७५१ मध्ये स्थापन झालेल्या पेनसिल्व्हेनिया रुग्णालयाने मनोरुग्णांसाठी शहराच्या पश्चिमेस विस्तीर्ण जागेत १८४१ मध्ये स्वतंत्र शाखा उघडली. तिचे प्रमुख डॉक्टर थॉमस कर्कब्राइड हे मनोरुग्णांच्या उपचारांत नाव मिळविलेले गृहस्थ. मोकळी हवा, बागा, शांतता ही त्यांच्या दृष्टीने शोभेची वस्तू नव्हती. ती उपचाराचाच भाग होती. शहर पश्चिमेकडे पसरू लागले तेव्हा या आवारातून रस्ते काढले जातील अशी भीती निर्माण झाली. १८५४ मध्ये विधिमंडळाने कायदा करून वचन दिले की, रुग्णालयाच्या संमतीवाचून या आवारातून रस्ता काढला जाणार नाही. हे वचन फुकटचे नव्हते. कडेच्या काही रस्त्यांच्या बाबतीत रुग्णालयानेही आपला वाटा उचलावा, असे ठरले होते. म्हणजे वचन स्पष्ट, लेखी, कायद्याने दिलेले आणि मोबदल्याच्या बदल्यात मिळालेले. याहून भक्कम सनद ती कोणती असावी?

सुमारे साठ वर्षांनी, १९१३ मध्ये, शहराने त्याच आवारातून रस्ता काढण्याचे ठरविले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १९१७ मध्ये सरन्यायाधीश एडवर्ड व्हाइट यांनी अगदी थोडक्या पानांत निकाल दिला आणि तो रुग्णालयाच्या विरुद्ध होता. समाजाच्या धारणेसाठी जो अधिकार आवश्यक आहे, तो कराराने सोडून देणे म्हणजे राज्य करण्याचेच सोडून देणे होय. असा त्याग राज्याने केला, असे मानताच येणार नाही, हे त्याचे सार. १८५४ च्या वचनातून मिळालेला हक्क हीदेखील मालमत्ताच. म्हणून तीही किंमत देऊन घेता येते. येथे कायद्याची तर्कशुद्धता पटते, पण मनाला एक चुटपुट लागून राहते. वेड लागलेल्या दुर्दैवी जीवांच्या शांततेसाठी मागितलेले वचन अधिकृत नोंदीत होते आणि ते तेथेच राहिले.

हे तत्त्व केवळ विधिमंडळांना नव्हे, तर कायद्याने निर्माण केलेल्या लहानमोठ्या मंडळांनाही लागू आहे, हे दाखविणारा खटला स्कॉटलंडमधील एअर या बंदराच्या गावचा. तेथील बंदराच्या विश्वस्तांना सक्तीने जमीन घेण्याचा अधिकार संसदेने दिला होता. ओस्वाल्ड नावाच्या जमीनदाराची, बंदराला लागून असलेली पट्टी त्यांना हवी होती. उरलेल्या जमिनीचा पाण्याशी असलेला संबंध तुटणार म्हणून नुकसानीची रक्कम मोठी होणार होती. ती कमी व्हावी म्हणून विश्वस्तांनी युक्ती लढविली : “आम्ही तुमच्या वाटेत कधीही बांधकाम करणार नाही, असे लिहून देतो.” जमीनदाराने हे वचन घेण्याचे नाकारले आणि पूर्ण भरपाई मागितली. १८८३ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्‌सने जमीनदाराचे म्हणणे उचलून धरले. ज्या अधिकाराचा वापर लोकांच्या हितासाठी करावा म्हणून तो सोपविला आहे, त्याचा वापर न करण्याचे वचन देऊन विश्वस्तांना आपल्या वारसदारांचे हात बांधता येत नाहीत. असे वचन मुळातच निरर्थक आहे, असा हा निर्णय. या खटल्याचा बोध मार्मिक आहे. सार्वजनिक मंडळाच्या पोकळ वचनावर विसंबण्यापेक्षा रोख भरपाई मागणारा जमीनदारच अखेर शहाणा ठरला.

आपल्या संस्थेच्या व्यवहारातले उदाहरण घेतले तर हे तत्त्व सहज पटेल. समजा, यंदाच्या कार्यकारिणीने ठराव केला की, अमुक खोली अमुक कामासाठीच राहील आणि पुढील कोणत्याही कार्यकारिणीस वा सर्वसाधारण सभेस हा ठराव बदलता येणार नाही. या ठरावाचा पूर्वार्ध आपण मान्य करू, उत्तरार्धाला हसू. कारण यंदाची कार्यकारिणी मालक नाही. तिला अधिकार मिळाला तो सभासदांकडून, वर्षापुरता, संस्थेच्या कामासाठी. जे आपले नाही ते दुसऱ्याला देऊन टाकता येत नाही. राज्यसंस्थेचे भूसंपादन-सामर्थ्यही असेच आहे. ते आजच्या मंत्र्याचे, महापौराचे वा विश्वस्तांचे नसून आज जन्मलेल्या आणि उद्या जन्मणाऱ्या सर्वांचे आहे. ज्यांच्या हाती ते आहे, ते केवळ त्याचे राखणदार होत.

मात्र यावरून राज्याचे कोणतेच वचन बंधनकारक नसते, असा निष्कर्ष काढणे घोडचूक ठरेल. न्यूयॉर्क व न्यू जर्सी या राज्यांनी बंदर प्राधिकरणाच्या कर्जरोखेधारकांना १९६२ मध्ये आर्थिक स्वरूपाचे वचन दिले होते : प्राधिकरणाचा पैसा तोट्यातल्या रेल्वे वाहतुकीकडे ठरावीक मर्यादेपलीकडे वळविला जाणार नाही. १९७४ मध्ये दोन्ही राज्यांनी ते रद्द केले. १९७७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध तीन मतांनी ती कृती घटनाबाह्य ठरविली. भूसंपादनासारखे मूलभूत अधिकार राज्याला कराराने सोडता येत नाहीत हे खरे. पण घेतलेल्या कर्जाच्या संबंधातले पैशाचे वचन त्या कोटीत येत नाही, असा भेद न्यायालयाने केला. म्हणजे ‘लोकहित’ हा शब्द उच्चारताच सर्व करारांतून सुटका होत नाही. जे सोडताच येत नाही ते कोणते आणि जे पाळलेच पाहिजे ते कोणते, याची सीमारेषा न्यायालयाला प्रत्येक वेळी आखावी लागते.

आता आपल्याकडे वळू. पेशवाईचा अस्त होत असताना माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने ११ फेब्रुवारी १८१८ रोजी साताऱ्याहून जाहीरनामा काढला. वतने, इनामे, वर्षासने आणि देवस्थानांचे उत्पन्न यांना धक्का लागणार नाही, असे आश्वासन त्यात होते. पण पुढच्या पिढीतल्या कंपनी सरकारने इनामांची चौकशी सुरू केली आणि १८५२ च्या अकराव्या कायद्याने इनाम कमिशनला कायद्याचे अधिष्ठान दिले. लोकहितवादी गोपाळ हरी देशमुख हेही काही काळ या खात्यात अधिकारी होते. कागद दाखवा, नाहीतर इनाम खालसा, हा या चौकशीचा खाक्या असल्याने दक्षिण महाराष्ट्रात असंतोष पसरला. हे भूसंपादन नव्हते, हे ध्यानात ठेवले पाहिजे. भूसंपादनात सरकार म्हणते, “जमीन तुझी आहे, तिचे पैसे घे.” इनाम कमिशन म्हणत होते, “ती तुझी असल्याचे आधी सिद्ध कर.” कागद हरवलेल्या घराण्याला पै मिळाली नाही. वचनभंगाचे हे दोन प्रकार आहेत आणि त्यांतला दुसराच अधिक दाहक होता.

पहिल्या प्रकाराचे उत्तम उदाहरण मुंबईच्या मलबार हिलवर घडले. तेथील जागा १८५४ च्या सुमारास कंपनी सरकारने दिल्या, तेव्हा सार्वजनिक कामासाठी लागल्यास त्या परत घेण्याचा अधिकार दस्तऐवजातच राखून ठेवला होता. विसाव्या शतकाच्या आरंभी सरकारी अधिकाऱ्यांना भाड्याने घरे देण्यासाठी सरकारने ती जागा परत मागितली. हमाबाई फ्रामजी पेटिट यांचा आक्षेप असा की, अधिकाऱ्यांची निवासस्थाने हे कसले सार्वजनिक काम? उच्च न्यायालयात न्यायमूर्ती बॅचलर यांनी सार्वजनिक प्रयोजनाची व्याख्या केली : व्यक्तींच्या विशिष्ट हिताहून निराळे असे समाजाचे सर्वसाधारण हित ज्यात प्रत्यक्षपणे आणि जिव्हाळ्याने गुंतलेले आहे, ते सार्वजनिक प्रयोजन. १९१४ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने ती उचलून धरली आणि जागा सरकारकडे गेली. परंतु त्याच निकालात एक महत्त्वाचे वाक्य पडून आहे. सार्वजनिक प्रयोजन कोणते हे ठरविण्यास सरकार बहुधा योग्य असते, तरी ते अंतिम निर्णायक नव्हे, असा त्याचा आशय. पुढील काळात नागरिकाला जो काही आधार मिळाला, त्याचे बीज या वाक्यात आहे.

स्वातंत्र्यानंतर हा प्रश्न सर्वांत मोठ्या प्रमाणावर उपस्थित झाला तो जमीनदारी-निर्मूलनाच्या वेळी. लॉर्ड कॉर्नवॉलिसने १७९३ मध्ये बंगाल, बिहार प्रांतांत कायमधारा पद्धत लागू केली होती. तिच्या नावातच ‘कायम’ हा शब्द आहे. परंतु त्या कायमपणाने नव्या विधिमंडळांचे हात बांधले गेले नाहीत. १९५२ मध्ये दरभंग्याचे महाराज कामेश्वर सिंह यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बिहारचा कायदा मुख्यतः वैध ठरविला. मात्र त्यातील दोन तरतुदी भरपाईच्या नावाखाली केलेली फसवणूक म्हणून रद्दही केल्या. त्याच वर्षी, नागपूर राजधानी असलेल्या तत्कालीन मध्य प्रदेशाच्या कायद्यावरील खटल्यात, विलीन झालेल्या एका संस्थानाच्या माजी अधिपतीने विलीनीकरणाच्या कराराचा आधार घेतला. करारात माझी खाजगी मालमत्ता मान्य केली आहे आणि घटनेनेही त्या कराराची बूज राखण्यास सांगितले आहे, मग ती कशी घेता येईल, असा त्याचा सवाल होता. न्यायालयाचे उत्तर ऐकण्यासारखे आहे. करारामुळे ती मालमत्ता राज्याची न राहता तुमची खाजगी झाली, हे खरे. पण म्हणूनच तिची स्थिती इतर कोणत्याही खाजगी मालकाच्या मालमत्तेसारखी आहे, अधिक चांगली नाही. ग्वाल्हेर, इंदूर, बडोदे अशा संस्थानी शहरांत वाढलेल्या आपल्या संस्थांनी हे वाक्य ध्यानी ठेवावे. खुद्द संस्थानिकाच्या करारालाही जी ढाल मिळाली नाही, ती त्याच्या दरबाराने दिलेल्या सनदेला कोठून मिळावी?

तर मग सनदेचा उपयोग काय? उपयोग आहे आणि तो थोडा नाही. सनद भूसंपादन थांबवू शकत नाही. पण जागा आपली आहे हे ती सिद्ध करते आणि त्यामुळे मोबदल्याचा हक्क निर्माण होतो. इनाम कमिशनच्या काळात कागद जपणारे आणि न जपणारे यांच्या नशिबात हाच फरक पडला होता. दुसरे म्हणजे, ऐकून घेतले जाण्याचा हक्क. १८९४ च्या भूसंपादन कायद्यात हरकती ऐकून घेण्याची सर्वसाधारण तरतूद १९२३ च्या दुरुस्तीने आली. १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांतून गेला, तरी कायद्याच्या आधारावाचून कोणाचीही मालमत्ता हिरावून घेता येणार नाही, हे कलम ३००-अ राहिले. १८९४ चा कायदा जाऊन २०१३ चा नवा कायदा १ जानेवारी २०१४ पासून लागू झाला. आणि २०२४ मध्ये कोलकाता महानगरपालिकेच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा अर्थ विशद करताना सूचना, सुनावणी, सकारण निर्णय, सार्वजनिक प्रयोजन, वाजवी भरपाई, कार्यक्षम प्रक्रिया आणि प्रक्रियेची पूर्तता अशी सात अंगे सांगितली. जुन्या राजाला जे शापाने साधावयाचे होते, त्यातला काही भाग आता या सात पायऱ्यांनी साधतो.

मात्र अखेरचे संरक्षण कागदात नाही. अधिकार सोडून देता येत नसला, तरी तो वापरायचा की नाही हे ठरविणारी माणसेच असतात आणि ती लोकांकडे पाहून ठरवितात. जेथे सकाळ-संध्याकाळ वाचक येतात, मुले अभ्यासाला बसतात, गावातील माणसे आपले दुर्मीळ ग्रंथ विश्वासाने आणून देतात, त्या वास्तूवरून रस्ता नेण्यापूर्वी कोणताही अधिकारी दोनदा विचार करील. कारण तेथे दोन सार्वजनिक हिते समोरासमोर उभी राहतात. कुलूपबंद दारामागे नुसती सनद असेल, तर ती दाखवून आपल्याला फार तर रक्कम मिळेल. म्हणून जुने कागद अवश्य जपावेत, त्यांच्या प्रती करून ठेवाव्यात, हद्दीच्या नोंदी वेळच्या वेळी तपासाव्यात. आणि वाचनकक्ष गजबजलेला ठेवावा.

ताम्रपटातला रामचंद्र भावी राजांना धर्मसेतू सांभाळण्याची विनवणी करीत होता. आता राजे राहिले नाहीत. ती विनवणी आपणा सभासदांकडे आली आहे. आपल्या आधीच्या पिढ्यांनी ही संस्था शंभर वर्षे सांभाळली ती चंद्र-सूर्यांच्या साक्षीवर विसंबून नव्हे, तर दरवर्षी वर्गणी भरून, पुस्तके बांधून, दिवे लावून. पुढची शंभर वर्षेही तशीच सांभाळावी लागतील.